मदत हवी आहे: घरी हलणारा रेसिंग सिम्युलेटर बनवतोय, पहिल्याच टप्प्यावर अडलोय

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितोय. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं सांगतो.

मी ऐरोलीत राहतो. रबाळे एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशिनच्या मेंटेनन्सला आहे, १९ वर्षं झाली. सर्व्हो (सांगितलेल्या जागी नेमकी थांबणारी मोटार), ड्राइव्ह (तिचा कंट्रोलर), बॉलस्क्रू (फिरणं सरळ हालचालीत बदलणारा स्क्रू), एलएम गाइड (सरकण्याची रेल) हे माझं रोजचं काम. गेम मात्र मी कधी खेळलो नाही, ते खातं पुतण्याचं. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग आहे, त्यावर तो असेटो कोर्सा खेळतो. मागे एका मॉलमध्ये तो हलणाऱ्या सिम्युलेटरवर बसून आला आणि रात्री जेवताना म्हणाला, "काका, त्याच्या खाली वाकून बघितलं मी. तुमच्या मशिनमध्ये असतं तेच आहे. आपण का नाही करू शकत?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. नेटवर एसएफएक्स-१०० नावाचं घरी बनवायचं डिझाइन आहे. चार कोपऱ्यांना मोटारीने वर-खाली होणारे चार अ‍ॅक्चुएटर, प्रत्येकात ७५० वॉटची एसी सर्व्हो आणि ५ मिमी पिचचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारा) बॉलस्क्रू. ३००० आरपीएमला हिशेब केला तर सेकंदाला २५० मिमी वेग येतो आणि स्ट्रोक, म्हणजे वर-खाली होण्याचं अंतर, आहे १०० मिमी. वाचताना मला मशिनचा वर-खाली होणारा झेड अ‍ॅक्सिसच डोळ्यांसमोर आला. विमानाच्या सिम्युलेटरचे सहा पाय असतात ना, त्याची मुळं तर टायर तपासणाऱ्या मशिनमध्ये आहेत हे मला यातच कळलं. गॉफ यांनी डनलॉप या टायर कंपनीत १९५० च्या दशकात तसं मशिन केलं, आणि स्टुअर्ट यांचा पेपर आला १९६५ साली. नाव पडलं ते मात्र स्टुअर्ट प्लॅटफॉर्म. दोन रात्री मी हेच वाचत बसलो होतो.

पण चार सर्व्हो आणि चार ड्राइव्ह म्हणजे आमच्या ऐपतीबाहेरचं काम. सगळं मिळून ५०-६० हजारांत बसवायचं ठरलं आहे. म्हणून आधी सोपा प्रकार घेतला: फक्त सीट हलणारा, दोन मोटारींचा. पुढे-मागे झुकणं आणि डावी-उजवीकडे झुकणं, एवढंच.

कुर्ल्याच्या भंगारातून जुन्या गाडीची पुढची सीट रेलसकट आणली आणि दोन वायपर मोटारी घेतल्या. सीटखाली मधोमध प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस लावला, म्हणजे सीट दोन्ही दिशांना झुकते. फ्रेम ४० बाय ४० च्या एमएस स्क्वेअर पाइपची, वेल्डिंग ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून. मोटारीच्या शाफ्टला लिव्हर, लिव्हरपासून सीटपर्यंत रॉड, रॉडच्या दोन्ही टोकांना रॉड एंड बेअरिंग. मोटारीची जागा कळायला १० के चा पोटेन्शिओमीटर. बाकी आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), मोटारींना करंट देणारे दोन आयबीटी-२ ड्रायव्हर, १२ व्होल्टचा पुरवठा. आर्डुइनोत मोटारी चालवणारा एसएमसी३ प्रोग्रॅम आणि कॉम्प्युटरवर गेममधली हालचाल त्याला पाठवणारं सिमटूल्स. इलेक्ट्रॉनिक्सचा माल लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळाला.

पहिल्या दिवशी सीट हलली तेव्हा पुतण्या ओरडलाच. कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवरून) चाक गेलं की सीटमध्ये धक्का जाणवत होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मलाही फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी घोळ झाला. पोटेन्शिओमीटरची वायर मी लिव्हरच्या कडेने नेली होती. प्रत्येक हालचालीला ती सोल्डरच्या अगदी मुळाशी, एकाच जागी दुमडत होती. त्या दुपारी मधली वायर तुटली. आर्डुइनोला वाचन मिळालं शून्य. त्याला वाटलं सीट एका टोकाला गेली आहे, म्हणून तो मोटार उलट्या बाजूला फिरवत राहिला. सीट कितीही वळली तरी वाचन शून्यच, त्यामुळे थांबणार कशी? लिव्हर डेड सेंटर (लिव्हर आणि रॉड एका रेषेत येतात ती जागा) ओलांडून पलीकडे गेला, रॉड धनुष्यासारखा वाकला, सीट डावीकडे कलंडली आणि पुतण्याचा पाय सीटची फ्रेम आणि पेडलची प्लेट यांच्यामध्ये आला. मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. स्विच कॉम्प्युटरच्या मागे. तिथवर पोचायला पाच-सहा सेकंद लागले असतील. अंगठ्याचं नख काळं पडलं, हाड वाचलं. वहिनी एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही घरात असताना?"

कंपनीत माझ्या हाताखालच्या मुलाने लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप न लावता अ‍ॅक्सिस चालवला असता, तर मी त्याला मशिनजवळ उभं राहू दिलं नसतं. घरी गेम आहे म्हणून मी तीच गोष्ट सोडली. तेव्हापासून मोटारींची लाइन काढून ठेवली आहे. आता नीट विचारून, समजून पुढे जायचं आहे.

सगळ्यात आधी सुरक्षेचं. मशरूम स्विच (इमर्जन्सी स्टॉपचं मोठं बटण) कुठे लावावा, हाताशी की पायाशी? त्याने फक्त मोटारींचा १२ व्होल्ट तोडायचा की सगळंच बंद करायचं? आणि तुटलेली वायर एसएमसी३ स्वतः ओळखू शकतो का, की त्यासाठी वेगळं काही करावं लागतं?

दुसरी अडचण मळमळीची, आणि हिच्यात माझा अनुभव कामाला येत नाही. दहा मिनिटं झाली की पुतण्याला मळमळतं. दादाला तर पाच मिनिटांत. सीट बंद ठेवून खेळलं तर काहीच होत नाही. मला वाटलं सीट उशिरा हलत असेल, म्हणून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमला, स्क्रीन आणि सीट एकत्र शूट केलं. स्क्रीनवर गाडीने ब्रेक मारल्यापासून सीट हलेपर्यंत साधारण ३० फ्रेम मोजल्या, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. हा उशीर जास्त आहे का? शिवाय वायपर मोटारीच्या गिअरमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. डायल लावून बघितला तर लिव्हरच्या टोकाला चांगला जाणवतो.

आणखी एक. सीट हलते पण स्टिअरिंग आणि पेडल जमिनीला घट्ट आहेत. सीट पुढे झुकली की पाय पेडलवर आपोआप दाबला जातो, मागे गेली की सुटतो. सगळी फ्रेमच हलवली तर हे जाईल, पण मग या मोटारी पुरतील का?

शेवटचं घराचं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत. खालच्या आजी दुपारी झोपतात. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही, पण जिन्यात भेटल्या तेव्हा "वर काय दळण चाललंय का रे?" असं विचारलं. त्यांना त्रास होऊन हा छंद करायचा नाही. वजनाचा स्लॅबवर परिणाम होईल का, हेही कोणी जाणकाराने सांगावं.

फोटो उद्या टाकतो.

प्रतिसाद

पुतण्याचा पाय वाचला हे सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही मोटारी सोडवून ठेवल्या हे उत्तम केलंत.

मी ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. चार वर्षं अशाच दोन मोटारींच्या सीटवर काढली, आता चार अ‍ॅक्चुएटर आहेत. स्टॉप स्विच बसणाऱ्याच्या हाताशी हवाच, आणि दुसरा बाहेर उभ्या माणसाच्या हाताशी. दोन्ही सिरीजमध्ये, एनसी कॉन्टॅक्टवर (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा), आणि तोडायचा तो मोटारींचा पुरवठा. आर्डुइनो चालू राहू द्या, म्हणजे वाचन दिसत राहतं. एसएमसी३ मध्ये कटऑफ लिमिट आहे, वाचन त्याबाहेर गेलं की तो मोटार बंद करतो. वाचन ० ते १०२३ असतं. तुमचा लिव्हर रोज २०० ते ८०० मध्येच फिरत असेल, तर त्याच्या थोडं बाहेर कटऑफ लावा. मधल्या वायरला पुल-डाउन रेझिस्टर द्या, म्हणजे वायर तुटली की वाचन नक्की शून्यावर जाईल आणि कटऑफ लागेल. आता बहुधा तुमचा कटऑफ पूर्ण उघडा आहे. आणि लोखंडी स्टॉपर वेल्ड करून घ्या. लिव्हर डेड सेंटरला पोचताच कामा नये, सॉफ्टवेअर काहीही म्हणो.

मळमळीबद्दल एक प्रश्न. डाव्या वळणावर तुमची सीट कुठे झुकते? डावीकडे की उजवीकडे?

धागाकर्ता

डावीकडे. पुतण्या बाइक चालवतो, त्याला तेच बरोबर वाटलं. बाइकवर आपण आत झुकतोच ना, म्हणून आम्ही मुद्दाम तसं सेट केलं होतं.

प्रतिसाद

मग दुखणं तिथेच आहे.

बाइकवर झुकल्यामुळे जोर सीटमध्ये खाली जातो, कुशीला लागत नाही. कारमध्ये डाव्या वळणाला अंग उजवीकडे फेकलं जातं. सिम्युलेटर खरा जोर देऊ शकत नाही, तो गुरुत्वाकर्षण उसनं घेतो. सीट उजवीकडे झुकवली की तुमचं वजन उजवीकडे ओढतं आणि डोळ्यांना वळण दिसत असल्यामुळे मेंदू ते वळणाचं समजतो, कारण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला झुकणं आणि ओढलं जाणं यातला फरक कळत नाही. तुमची सीट डावीकडे गेली, म्हणजे डोळे म्हणतात उजवीकडे फेकले जातोय आणि कान म्हणतो डावीकडे. दहा मिनिटं पोराने काढली हेच खूप. ब्रेकचंही तपासा: ब्रेक मारल्यावर सीट पुढे झुकायला हवी, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर मागे.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. १० अंश झुकलं तरी मिळतो ०.१७ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर). रस्त्यावरची साधी गाडी कडक ब्रेक मारते तेव्हा साधारण १ जी असतो. म्हणून लांब वळणाचा जोर धरून ठेवायच्या मागे लागू नका. सुरुवातीचा धक्का द्यायचा आणि मग सीट हळूच मध्यावर आणायची, याला वॉशआउट म्हणतात. परत येताना सेकंदाला साधारण ३ अंशांपेक्षा हळू आणलं तर बसणाऱ्याला ते फिरणं फारसं जाणवत नाही. सुरुवात एकाच अ‍ॅक्सिसने करा, ताकद २५-३० टक्के.

तुमच्या १२५ मिलिसेकंदांतला बराचसा भाग स्मूदिंगचा (धक्के काढून हालचाल मऊ करण्याचा) असणार. सिमटूल्समधलं स्मूदिंग अर्ध्यावर आणून पुन्हा फ्रेम मोजा. गिअरचा प्ले वायपर मोटारीत राहणारच, त्यावर पैसे घालू नका.

सगळी फ्रेम हलवायला या मोटारी पुरणार नाहीत. त्याऐवजी सीटचं पुढे-मागे झुकणं कमी ठेवा आणि ब्रेकला लोड सेल बसवा. जी२९ चा ब्रेक पाय किती अंतर गेला ते मोजतो, लोड सेल किती दाबला ते मोजतो. सीट थोडी हलली तरी दाब आपल्या हिशेबाने देता येतो. लॅप टाइम सुधारायचा असेल तर सीट हलवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

प्रतिसाद

स्लॅबबद्दल: मी सिव्हिलवाला. राहत्या घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ भाग २ (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे ढोबळ २०० किलो. तुमची फ्रेम, सीट आणि माणूस मिळून १२०-१३० किलो होतील, आणि खोलीत दुसरं जड सामान फार नसेल तर काळजी नाही. खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा बीमच्या किंवा भिंतीच्या जवळ ठेवा. आत घेतलेल्या गॅलरीत अजिबात नको. छताचं प्लास्टर सुटत असेल किंवा सळई दिसत असेल तर आधी ते दाखवून घ्या, सिम्युलेटर असो वा नसो.

आजींना त्रास होतोय तो वजनाचा नाही, धमक्याचा. जिममध्ये घालतात तसलं जाड रबरी मॅट फ्रेमच्या पायांखाली घाला, वर प्लायवूड. ड्रम वाजवणारे लोक दोन प्लायवूडच्या मध्ये टेनिसचे चेंडू ठेवून स्टेज करतात, तोही प्रकार चालतो, पण तुमची सीट झुकते म्हणून चेंडू कडेलाही द्या, नाहीतर डोलेल.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार, घाईत लिहितोय.

काल कामावरून आल्यावर रोलची, म्हणजे डाव्या-उजव्या झुकण्याची, दिशा उलटी केली. मोटारींना लाइन दिली ती फक्त रोलला, २५ टक्क्यांवर, आणि मी स्वतः पूर्ण वेळ स्विचवर हात ठेवून उभा होतो. पुतण्या २५ मिनिटं बसला. मळमळ नाही. दादाला बसवलं, तोही उतरला तो हसतच.

ब्रेकची दिशा तपासली, ती बरोबर होती. स्मूदिंग अर्धं केल्यावर ३० फ्रेमच्या १९ झाल्या. आणखी कमी केलं की सीट थरथरायला लागते, तिथे थांबलो.

मात्र आता स्टॉपर, दोन मशरूम स्विच आणि पुल-डाउन लागेपर्यंत पुन्हा बंद. पोटेन्शिओमीटरच्या वायरला या वेळी लूप ठेवणार आणि क्लिप मारणार, मशिनच्या ड्रॅग चेनमध्ये असते तशी. रबरी मॅट शनिवारी आणतोय. आजींना सांगून आलो की दुपारी दोन ते पाच आमचं काहीच चालू राहणार नाही. त्यांनी पुतण्याला विचारलं, गाडी खरी कधी घेणार.

लोड सेलबद्दल विचारायचं राहिलं: जी२९ च्या पेडलमध्येच बसवता का, की ब्रेक पेडल वेगळं बनवून घेता? आमच्याकडे टर्नर आहे, कुठलाही पार्ट करून मिळेल.