ट्रिस्टन दा कून्यावरचं पहिलं स्काऊट पथक: १९२२चा घटनाक्रम आणि नकाशा

वाटाड्या:
२२ फेब्रुवारीच्या चिंतन दिनासाठी पथकातली मुलं ‘दूरच्या बेटांवरचं स्काऊटिंग’ हा तक्ता करताहेत. दक्षिण अटलांटिकमधलं ट्रिस्टन दा कून्या हे ब्रिटिश बेट निवडलंय. एका ठिकाणी मिळतं की अंटार्क्टिक मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनने जेम्स मार या स्काऊटला बेटावर नेऊन पथक उभं केलं. दुसरीकडे मिळतं की ते पाद्र्याचं काम. कोणतं धरायचं? शिवाय छापील नकाशावर केप टाउन ते ट्रिस्टन अंतर मोजलं की दर वेळी ३,४०० किमीच्या वर जातं, पुस्तकात मात्र सुमारे २,८०० आहे. कागद ७० × १०० सेंमीचा आहे.

डोलकाठी:
पाद्री धरा. हेन्री मार्टिन रॉजर्स हे मिशनरी पत्नीसह एप्रिल १९२२च्या सुरुवातीला ‘टाकोमा मारू’ या जपानी जहाजाने ट्रिस्टनला उतरले आणि त्यांनीच मुलांचं पथक बांधलं. शॅकल्टनच्या मोहिमेचं ‘क्वेस्ट’ जहाज पोचलं त्याच वर्षीच्या मे महिन्यात. तेव्हा जहाजावरच्या मारने स्काऊटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पाठवलेला ध्वज या पथकाला दिला. म्हणजे पथक आधी, ध्वज नंतर. क्रम उलटला की सगळं श्रेय जहाजाकडे जातं आणि दोनेक महिनेही न झालेलं ते कोवळं पथक तक्त्यावरून गायब होतं. माझ्या मते तक्त्याचा मथळा तेच पथक असायला हवं.

शॅकल्टनचं नाव मे महिन्याशी जोडू नका. त्यांचं ५ जानेवारी १९२२ला दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर निधन झालं होतं. ट्रिस्टनला मोहिमेचं नेतृत्व फ्रँक वाइल्ड यांच्याकडे होतं. मोहिमेसाठी निवडलेले स्काऊट दोन होते, ॲबर्डीनचा मार आणि ऑर्कनीचा नॉर्मन मूनी. समुद्र लागल्यामुळे मूनी वाटेतल्या मदेइरा बेटाहूनच परतला, त्यामुळे ट्रिस्टनच्या चौकटीत दोघांचा फोटो लावला तर चुकेल.

तंबूदोरी:
रॉजर्स हे आडनाव बेटावरच्या जुन्या कुटुंबांपैकी एकाचंही आहे, ते एका अमेरिकन देवमासे-शिकाऱ्यापासून आलेलं. पाद्री रॉजर्स त्यातले नव्हेत. नुसतं ‘रॉजर्सने पथक काढलं’ लिहिलंत तर वाचणारा त्यांना बेटाचाच माणूस समजेल. ‘पाद्री’ किंवा ‘मिशनरी’ शब्द हवाच.

चित्रांचंही जपा. बेटाचा आजचा ध्वज २००२चा आहे, आणि जांभळ्या जमिनीवरचं जागतिक स्काऊट बोधचिन्ह १९२२ साली नव्हतं. दोन्ही हवेत तर ‘आज’ अशा वेगळ्या चौकटीत ठेवा.

‘१९२२पासून अखंड’ असं कुठेही लिहू नका. तेव्हा वस्ती जेमतेम सव्वाशे-दीडशे माणसांची. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि नेता बाहेरून आलेला. तो गेला की पथक थांबायला वेळ लागत नाही. रॉजर्स १९२५मध्ये बेट सोडून गेले. पुढे ऑक्टोबर १९६१च्या ज्वालामुखीमुळे सगळं बेटच रिकामं करून रहिवाशांना इंग्लंडला नेलं. बहुतेक जण १९६३मध्ये परतले.

डोलकाठी:
आता अंतर. तुमचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असणार. त्यात विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं प्रमाण ताणलं जातं. ट्रिस्टन ३७° दक्षिणेला आहे. तिथे ताण साधारण सव्वापट. तुम्ही विषुववृत्तासाठीची प्रमाणपट्टी लावताय, म्हणून २,८००चे ३,४००च्या वर होतात. ट्रिस्टनच्या उत्तरेचं सेंट हेलेना बेट १६° दक्षिणेला असल्यामुळे तिथे फक्त ४ टक्के फरक पडतो, म्हणून तिथली चूक नजरेत येत नाही.

मुलांना पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजायला लावा. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी, म्हणजे दोरा ६.६ सेंमीच्या आसपास भरला पाहिजे. दोरा न ताणणारा घ्या, लोकर नको. २ मिमीची ढिलाई म्हणजे ८५ किमीची चूक. मग कागदावर १ सेंमी = १०० किमी धरा. ट्रिस्टन मधोमध ठेवून केप टाउन २८ सेंमीवर, सेंट हेलेना साधारण २४ सेंमीवर येईल. कागद आडवा ठेवलात तर नैऋत्येला दक्षिण जॉर्जियाही बसेल. अंतराची वर्तुळं ट्रिस्टनपासूनच काढा आणि ‘अंतरं फक्त ट्रिस्टनपासून खरी’ ही ओळ खाली लिहा, कारण बाकीच्या दोन ठिकाणांमधलं अंतर या नकाशावर बरोबर येणार नाही.

वाटाड्या:
क्रम आता लागला. मारचं पुढे काय झालं, एका ओळीत द्यायचं आहे.

तंबूदोरी:
सागरी जीवशास्त्रज्ञ झाला. दुसऱ्या महायुद्धात ‘ऑपरेशन टॅबरिन’ या अंटार्क्टिकातल्या गुप्त ब्रिटिश मोहिमेचं सुरुवातीचं नेतृत्व त्याने केलं, आणि १९६२मध्ये अंटार्क्टिक क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या सागरी जीवावरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. ‘क्वेस्ट’ही त्याच वर्षी बुडालं, अवशेष २०२४मध्ये लॅब्राडोरजवळ सापडले.