मदत हवी आहे : विद्यार्थ्यांना व्यावसायिक संदेशलेखन कसे शिकवावे?

नमस्कार. मी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुले कार्यप्रशिक्षणासाठी कार्यालयांत जाऊ लागल्यापासून एक अडचण प्रकर्षाने जाणवते : अर्जलेखन त्यांना जमते, परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर वरिष्ठांना केवळ ‘सर’ एवढेच लिहून ती उत्तराची वाट पाहत बसतात, किंवा स्वतःचे नावही न सांगता ‘पत्रावर सही पाहिजे’ असे कळवतात. हा उद्धटपणा नव्हे, हे मी खात्रीने सांगते. ‘पाठवा’ आणि ‘पाठवाल का’ यांतले अंतर त्यांना कोणी दाखवलेलेच नाही. त्यांच्याच संदेशांवरून सराव घ्यावा, तर ज्याचा संदेश फळ्यावर येतो तो संकोचतो. असा सराव आपण कोणी घेतला असल्यास त्याची पद्धत आणि गुणदानाचे निकष कृपया कळवावेत.