ग्रीनलँड कापून आफ्रिकेवर ठेवायचं तर झेरॉक्स किती टक्क्यांवर काढावी?

भूगोलवही:
भिंतीवरच्या जगाच्या नकाशातून ग्रीनलँड, कॅनडा, रशिया पुठ्ठ्यावर उतरवून कापायचे आणि आफ्रिकेवर ठेवून खरी तुलना दाखवायची, असा बेत आहे. ग्रीनलँडचा मध्य साधारण ७२ अंश उत्तर. कॉस ७२ = ०.३१, म्हणून झेरॉक्स ३१ टक्क्यांवर काढली. पण पृथ्वीगोलावरच्या ग्रीनलँडशी आकार जुळत नाही. वरचा भाग फोफसा आणि खालचं टोक सुईसारखं येतंय. चूक कुठे आहे?

रेखावृत्त:
कॉसचं गणित मर्केटर नकाशाचं, म्हणजे ध्रुवांकडे देश फुगवून दाखवणाऱ्या नकाशाचं. तेव्हा आधी नकाशा मर्केटरच आहे का ते बघा. भिंतीवरचे पुष्कळ नकाशे रॉबिन्सन किंवा विंकेल ट्रिपेल प्रक्षेपणात (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत) असतात आणि तिथे कॉसचं हे गणित लागूच पडत नाही. कडेची रेखावृत्तं वाकलेली असतील तर तो मर्केटर नाही. सरळ उभी असतील तर पट्टी घ्या आणि ० ते १० अंशांमधलं अंतर व ६० ते ७० अंशांमधलं अंतर मोजा. दोन्ही सारखी आली तर साधं समांतर-अंतराचं प्रक्षेपण आहे, दुसरं पहिल्याच्या २.४ पट आलं तर मर्केटर. दुसरं लहान आलं तर गॉल-पीटर्ससारखं समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ अचूक राखणारं प्रक्षेपण. मग क्षेत्रफळासाठी काहीच लहान करायचं नाही.

भूगोलवही:
१८ मिमी आणि ४३ मिमी.

रेखावृत्त:
म्हणजे मर्केटरच. मग चूक अशी, की सगळ्या देशाला एकच टक्का लावलात. मर्केटरमध्ये प्रत्येक अक्षवृत्तावर ताण वेगळा. लांबी १/कॉस(अक्षांश) पट वाढते आणि क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने. ६० अंशाला लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. ८० अंशाला क्षेत्रफळ ३३ पट.

ग्रीनलँड ६० च्या किंचित खालपासून ८३.६ अंशांपर्यंत पसरलंय. दक्षिण टोकाला ५० टक्के हवेत, ७७ अंशाला २२, उत्तर टोकाला जेमतेम ११. तुम्ही सगळीकडे ३१ लावले, म्हणून खाली कमी पडले आणि वर जास्त झाले. तुमच्या नकाशावर ग्रीनलँडची उंची साधारण १६ सेंमी भरेल. विषुववृत्ताच्या मापात ती खरी ४.३ सेंमी हवी. ३१ टक्क्यांनी ती ५ सेंमी येते. झेरॉक्स मशीनवर हे सुटणार नाही. कॅनडा-रशियाचंही तेच.

आणखी एक: आफ्रिकाही त्याच नकाशातली घेऊ नका. विषुववृत्त मधून जातं म्हणून ती बरीच बरोबर दिसते, पण ३७ अंशावर, म्हणजे तिच्या उत्तर किनाऱ्यापाशी, क्षेत्रफळ दीडपटीच्या वर फुगलेलं असतं.

थरांचा_माणूस:
हाताने करू नका. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॅचरल अर्थ या नकाशा-डेटातला देशांचा थर (१:५ कोटी पुरे) उघडा. कस्टम प्रोजेक्शनमध्ये लॅम्बर्ट अझिमुथल इक्वल एरिया हे समक्षेत्र प्रक्षेपण घ्या आणि प्रत्येक भूभागासाठी केंद्र वेगळं द्या. ग्रीनलँडला अक्षांश ७२, रेखांश उणे ४०. आफ्रिकेला अक्षांश २, रेखांश १८. रशियाला ६२ आणि ९५. प्रत्येक वेळी प्रिंट लेआउटमध्ये प्रमाण एकच ठेवा, १:४ कोटी, म्हणजे १ सेंमीला ४०० किमी. आफ्रिका सुमारे २० सेंमी उंच होते आणि ए-४ वर मावते. रशियाला कागद आडवा करा.

हमखास फसायच्या जागा तीन. छापताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ते १०० टक्क्यांवरच ठेवा आणि ग्रीनलँड उत्तर-दक्षिण सुमारे ६.६ सेंमी भरतंय का ते पट्टीने बघा. दुसरी जागा रशियाची: १८० रेखावृत्तापाशी तो डेटात दोन तुकड्यांत तुटलेला असतो. या प्रक्षेपणात तुकडे शेजारी येतात, पण मधली शिवण दिसते, तिथे कात्री चालवू नका. तिसरी म्हणजे फ्रान्स, तोही कापणार असाल तर. देशांच्या थरात त्याच्याबरोबर दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयानाही येतं, ते आधी वेगळं करा.

दिशादर्शक:
एवढा खटाटोप कशाला? सरळ गॉल-पीटर्स छापा. मर्केटर मुळातच खोटा नकाशा आहे.

रेखावृत्त:
क्षेत्रफळ बरोबर येईल, आकाराची मात्र वाट लागेल. गॉल-पीटर्समध्ये विषुववृत्तापाशी उंची रुंदीच्या मानाने दुप्पट ताणली जाते, म्हणून आफ्रिका लोंबल्यासारखी दिसते. ६० अंशाला उलटं, सगळं चेपलेलं. एका कागदावर अख्खं जग हवं असेल तर २०१८ चं इक्वल अर्थ प्रक्षेपण जास्त बरं.

आणि मर्केटरला खोटा कशाला म्हणायचं? १५६९ साली तो खलाशांसाठी काढला गेला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो, त्यासाठीच हा ताण मुद्दाम दिलाय. क्षेत्रफळ मोजायला तो घेतला, ही घेणाऱ्याची चूक.

थरांचा_माणूस:
एक भर. लॅम्बर्टमध्येही क्षेत्रफळ अचूक असतं, आकार नाही. आफ्रिकेच्या कडांना आकार एका दिशेला सुमारे ५ टक्के चेपतो आणि दुसरीकडे तेवढाच ताणतो. डोळ्याला खटकत नाही.

कापून झाल्यावर पडताळा घ्या. आफ्रिका ३.०३ कोटी चौ. किमी, ग्रीनलँड २१.७ लाख, म्हणजे १४ पट. १:४ कोटी प्रमाणात आफ्रिकेचा तुकडा सुमारे १८९ चौ. सेंमी आणि ग्रीनलँडचा १३.५ भरायला हवा. आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजा. कडेचे अर्ध्याहून जास्त झाकलेले तेवढे धरा, बाकीचे सोडा. किंवा एकाच पुठ्ठ्यातून कापलेले असतील तर वजन करा. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) पुठ्ठ्यात आफ्रिका साधारण ५.७ ग्रॅम आणि ग्रीनलँड ०.४ ग्रॅम भरेल. त्याला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागेल, स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा ग्रीनलँडला शून्यच दाखवेल.