मदत हवी आहे: कार रॅलीची सुरुवात नेमकी कुठून करू?

मंडळी, रॅलीत उतरायचं मनापासून ठरवलंय. गेल्या महिन्यात प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली मोकळ्या मैदानात मातीवर गाडी चालवली. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला आणि मागची चाकं सरकून गाडी आडवी झाली. वजन पुढे गेल्याने मागची पकड सुटली, असं त्यांनी समजावलं. कळलं, पण पायात अजून उतरलेलं नाही. डाव्या पायाने ब्रेक लावायला गेले की क्लचच्या सवयीने जोर जास्त पडतो, गाडी गचका खाऊन थांबते. याचा सराव तुम्ही कसा केलात?

दुसरं म्हणजे पेस नोट्स, म्हणजे पुढची वळणं कशी आहेत ते शेजारचा नेव्हिगेटर चालकाला वाचून दाखवतो त्या नोंदी. 'डावं चार, पुढे आवळतं' (आकडा वळण किती तीव्र आहे त्याचा) याचा अर्थ लागेपर्यंत वळण आलेलं असतं. आधी टीएसडी रॅलीत, म्हणजे ठरलेला सरासरी वेग सेकंदाबरहुकूम पाळायचा त्या प्रकारात, नेव्हिगेटर म्हणून बसावं का?

पैसे मोजकेच आहेत. म्हणून रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), हार्नेस (शर्यतीचा सीटबेल्ट), हेल्मेट, मानेसाठी हान्स आधी आणि इंजिनाला हात नंतर, असं ठरवलंय. जुनी, केज बसवलेली गाडी घेताना वेल्डिंगमध्ये काय काय तपासायचं, तेही कृपया सांगा.