देगाचं 'बेलेल्ली कुटुंब': वडील पाठमोरे का?

भिंतीवरचा_खिळा

मंडळी, एक शंका. फ्रेंच चित्रकार एदगार देगाच्या 'बेलेल्ली कुटुंब' या चित्राची छापील प्रत माझ्या टेबलासमोर लावली आहे. काळ्या पोशाखातली आई ताठ उभी, तिला लागून थोरली मुलगी, मधे खुर्चीवर धाकटी, आणि उजवीकडे वडील आरामखुर्चीत, आपल्याकडे चक्क पाठ करून! घरच्या कर्त्या पुरुषाला असं कोण बसवतं? पैसे मोजून काढून घेतलेलं असतं तर त्यांनी ते परतच पाठवलं असतं. की देगाचा हात तेव्हा अजून बसायचा होता?

शाईपेन

हात चांगला बसला होता हो. चोविसाव्या वर्षी त्या मुलींची जी रेखाटनं त्याने केली ती बघा, मग बोलू.

मुळात हे गिऱ्हाइकाचं काम नव्हतं, घरचं होतं. उभी आहे ती देगाची सख्खी आत्या लॉरा. पाठमोरे बसलेत ते आतोबा, बॅरन जेनारो बेलेल्ली. नेपल्सच्या राजाविरुद्धच्या १८४८च्या क्रांतीत सामील झाल्यामुळे नेपल्समधून परागंदा झालेले, म्हणून बिऱ्हाड फ्लॉरेन्सला, भाड्याच्या जागेत. १८५८मध्ये देगा तिथे पोचला तेव्हा आत्या आणि आत्येबहिणी नेपल्सला होत्या; तिथे आजोबा इलेअर ऑगस्टअखेर वारले. नोव्हेंबरात त्या परतल्या त्या सुतकाच्या काळ्या कपड्यांत. मुलींच्या काळ्या झग्यांवरचे पांढरे एप्रन देगाला इतके आवडले की मित्राला, चित्रकार मोरोला, पत्रात कळवल्यावाचून राहवलं नाही.

आता आत्याच्या डोक्यामागे भिंतीवर बघा. लाल खडूतलं चौकटबंद रेखाचित्र आहे, ते आजोबांचं. म्हणजे गेलेले वडील लेकीच्या खांद्याशी, आणि हयात नवरा टेबलापलीकडे. टेबलाचा पाय, शेकोटीची कड आणि वरचा आरसा, सगळ्या उभ्या रेघा अशा जुळवल्यात की आतोबांचा कोपरा वेगळाच पडतो. आत्या आपल्या पत्रांतून भाच्याजवळ नवऱ्याच्या तिरसटपणाची तक्रार करायची. या पोराने सगळं पाहिलं होतं आणि तेच रंगवलं, असं माझं स्पष्ट मत.

पाटीपेन्सिल

शाईपेन, इथे मी अडते. पत्रं आधी वाचायची आणि मग चित्रात भांडण शोधायचं, हा उलटा प्रवास झाला. पत्रं बाजूला ठेवून नुसतं बघा. जेनारोंची पाठ आपल्याकडे आहे, घरच्यांकडे नाही. मान वळवून ते मुलींच्या दिशेनेच बघताहेत. नजर चुकवतेय ती लॉरा, तीही कुणा एकाची नाही, ती थेट लांब कुठेतरी बघतेय. ज्या बाईचे वडील नुकतेच गेले तिने काय हसून उभं राहायचं? शिवाय सतराव्या शतकातल्या व्हॅन डाइकसारख्या चित्रकारांची कुटुंबचित्रं देगाने इटलीत डोळे भरून पाहिली होती. त्या भारदस्तपणाचा वाटाही धरा की.

माझी लाडकी धाकटी, ज्युलिया. कमरेवर हात, एक पाय फ्रॉकखाली दुमडलेला, त्यामुळे दिसतो एकच. तोंड वडिलांच्या बाजूला. थोरली जोव्हाना मात्र हात जुळवून सरळ आपल्याकडे बघते. दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद कॅनव्हास, आणि त्यात एवढं एकच पोर चुळबुळतंय.

भिंतीवरचा_खिळा

बापरे, एवढं मोठं आहे? मला वाटत होतं दिवाणखान्यातलं बेताचं चित्र असेल. मग बेलेल्लींनी ते टांगलं कुठे?

शाईपेन

टांगलंच नाही. फ्लॉरेन्समध्ये त्याने नुसती रेखाटनं आणि अभ्यासचित्रं केली, मोठं चित्र पॅरिसला जाऊन रंगवलं, तेही वर्षानुवर्षं रेंगाळत. तोवर इटली एक झाली, आतोबा नेपल्सला परतले, सिनेटर झाले आणि १८६४मध्ये वारले. चित्र देगाकडेच पडून राहिलं. १९१७मध्ये तो गेल्यावर स्टुडिओतून बाहेर निघालं आणि लगेच सरकारी संग्रहालयासाठी घेतलं गेलं. हल्ली पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात असतं.

पाटीपेन्सिल, व्हॅन डाइक मान्य. पण नवरा-बायकोमधला ताण देगा सहज रंगवून जायचा, हे विसरू नका. चित्रकार एदुआर मानेने स्वतःच्या बायकोचा चेहरा असलेला भाग उगाच नाही कापून टाकला, देगाने भेट दिलेल्या चित्रातून!

पाटीपेन्सिल

मानेची तक्रार चेहरा नीट उतरला नाही अशी होती, असं मानतात. ताणाचा पुरावा म्हणून ते चालणार नाही. :)

खिळा, त्या दोन बहिणी पुढे कशा दिसायच्या ते बघायचं असेल तर लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयातलं देगाचंच जोडचित्र शोधा, १८६०च्या दशकातलं. मोठ्या झाल्यात, आणि तिथेही एकमेकींकडे बघत नाहीत. त्यांचंही आपसात पटत नव्हतं असं शाईपेन आता म्हणतीलच. आणि तुमच्या प्रतीत उजवा खालचा कोपरा कापला गेला नाही ना, तेवढं तपासा. तिथे एक कुत्रा चौकटीबाहेर चाललाय, डोकं आधीच गेलंय, बाकीचा तेवढा शिल्लक आहे.