मदत हवी आहे : संज्ञापनातील (कम्युनिकेशन) एम.ए. दूरशिक्षणाने करावी का?

मी वाणिज्य पदवीधर असून पुण्यात पूर्णवेळ नोकरी करते. पुढे महाविद्यालयात शिकवता यावे म्हणून संज्ञापनात पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे. हैदराबाद विद्यापीठाचा नियमित अभ्यासक्रम मनापासून आवडला, परंतु घरच्या जबाबदारीमुळे दोन वर्षे नोकरी सोडणे शक्य नाही. त्यामुळे इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) दूरशिक्षणाने होणारी पत्रकारिता व जनसंज्ञापनाची एम.ए. हाच पर्याय उरतो (वर्गातल्या वादविवादाला मुकावे लागेल, ही खंत आहेच). दोन्हींची माहितीपत्रके वाचली आहेत. नेटसाठी (सहायक प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) खुल्या प्रवर्गाला एम.ए.मध्ये ५५ टक्के गुण लागतात, हेही ठाऊक आहे. दूरशिक्षणाने एम.ए. करून नेट उत्तीर्ण झालेल्यांपैकी कोणाला महाराष्ट्रात सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत किंवा मुलाखतीत त्या पदवीमुळे प्रत्यक्ष अडचण आली का, आणि आली असल्यास नेमकी कोणत्या टप्प्यावर?