सीपॅपचे आकडे चांगले, तरी सकाळी अंग जडच? आपापले अनुभव लिहा

राजेंद्रनगरकर
नमस्कार मंडळी. इंदूरमध्ये आपल्या ओळखीत सीपॅप (झोपेत घसा बंद पडून श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावणारे बरेच झालेत आणि भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, "एएचआय किती?" स्लीप स्टडीत माझा ३० च्या वर होता, म्हणजे तीव्र. आता बहुतेक रात्री २ च्या आत असतो, आणि ५ च्या आत आला की सगळे खूश. मी नव्हतो, कारण दुपारी ऑफिसात डोळे मिटायचेच.

श्वास किती वेळा थांबला किंवा बराच उथळ झाला, याची यंत्र चालू असलेल्या दर तासाची सरासरी म्हणजे हा एएचआय. आपण झोपलोय की नुसते कूस बदलतोय, हे यंत्राला कळत नाही. जागेपणीचे तासही भागाकारात येतात आणि आकडा उगाच लहान दिसतो.

ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. यंत्रातलं एसडी कार्ड लॅपटॉपला लावलं की श्वासन् श्वास दिसतो. श्वास घेतानाची लाट माथ्यावर गोल हवी. माझी कितीतरी वेळ सपाट होती. म्हणजे घसा बंद होत नव्हता, पण अरुंद राहत होता, आणि तेवढ्यानेही झोप चाळवते. एएचआयमध्ये हे धरलं जात नाही. आलेख डॉक्टरांना दाखवला, त्यांनी यंत्राच्या हवेचा किमान दाब ४ वरून ७ केला. झापड बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. तुमचं काय?

रामबागवाली
ह्यांचं सांगते. ॲपवर रोज चार तासांच्या वर वापर, सगळं छान. पण हे पहाटे तीनच्या सुमारास मास्क काढून ठेवायचे. स्वप्नांची झोप जास्त करून रात्रीच्या उत्तरार्धातच येते, आणि त्या झोपेत स्नायू सैल पडल्यामुळे बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच अधिक अडतो. ते तास यंत्राविना जायचे, त्यामुळे आकड्यात कुठेच नाहीत! आता मला जाग आली की मी परत लावून देते. सकाळची डोकेदुखी थांबली.

जेलरोडकर
गळती बघा हो. माझं रेसमेडचं यंत्र आहे, त्यात मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती गेली की जास्त धरतात. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत नाक चोंदतं, तोंड उघडतं आणि हवा निघून जाते. गळती फार झाली की एएचआयवरही भरवसा ठेवता येत नाही. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) वाढवला, मास्कची झिजलेली गादी बदलली, बरंच सुधारलं. एक विचारायचं होतं: "क्लिअर एअरवे" अशा नोंदी दिसतात, तर दाब वाढवू का?

राजेंद्रनगरकर
काका, स्वतः मुळीच वाढवू नका. त्या नोंदीत घसा उघडाच असतो, मेंदूकडून श्वास घेण्याचा इशाराच मिळत नाही. दाब वाढवल्याने काहींना त्या वाढतात. कूस बदलतानाही एखादी येते, ती सोडून द्या. रोज बऱ्याच दिसत असतील तर कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा.

सुदामानगरची लेक
आईचे तास, गळती, लाटा, सगळं व्यवस्थित होतं. तरी ती दिवसभर सोफ्यावर पडून. घरात सगळे म्हणायचे वय झालं, आणि मला ते पटत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी थायरॉइड, बी१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं. फेरिटिन फार कमी निघालं. रात्री पाय वळवळतात हे ती कोणाला बोललीच नव्हती! लोहाचा उपचार सुरू झाल्यावर पाय शांत झाले आणि हळूहळू ती पुन्हा संध्याकाळी फिरायला जाऊ लागली. यंत्र फक्त श्वास बघतं, पायांचं त्याला काय कळणार? आईवडिलांना हे मुद्दाम विचारा.

पीथमपूर शिफ्टवाला
ताई, बरं झालं लिहिलंत, फेरिटिन करून घेतो. माझ्या आलेखात मात्र एकच रकाना खराब आहे, तासांचा. शिफ्ट संपून इंदूरला पोचेपर्यंत उशीर, मग जेमतेम पाच तास. रविवारी आठ तास मिळाले की सोमवारी डोकं मोकळं असतं, दाब तोच, मास्क तोच. शिफ्ट बदलून मागितली आहे.